अंगी लागलेलं ऊन

९ फेब्रुवारी

वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात जन्म गेला. पाळी संपली की पुढच्या माणसासाठी नोंद लिहायची आणि मगच उठायचं: भार किती, कुठली लाईन बंद, कुठे लक्ष ठेवायचं. आता पुढच्या पाळीला कुणी येत नाही, पण नोंद लिहिल्याशिवाय खुर्ची सोडवत नाही. म्हणून ही वही.

आज लेकीकडे आलो. ती या तळ्यावर संशोधन करते. तळ्यात कोण कोणाला खातं याचा हिशेब ठेवायचा, असं काहीसं तिचं काम. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली नाव. तिचा मदतनीस नोकरी सोडून गेला. फोनवर म्हणाली, "बाबा, नाव चालवायला माणूस नाही. तुम्ही आलात तरच माझं काम चालू राहील." मी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नाही, हे तिला ठाऊक आहे. पण पोरीचं अडलंय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. घराला कुलूप लावलं. लेकीची आई जाऊन वर्ष होत आलं. तसंही घरात मी आणि फ्रीज, दोघंच काय ते आवाज करत होतो.

पहिल्याच फेरीत नाव जागच्या जागी गोल फिरली. लेक हसून हसून लोळली. बऱ्याच दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं.

११ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे.

लेकीने तळ्यातलं पाणी आणून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "बघा." मी डोळा लावला. थेंब म्हणजे काय असणार, पाणी असणार! पण तिथे आख्खं शहर होतं. हिरव्या गोळ्या, हिरवे धागे, हिरव्या होड्या. त्यांच्यामधून एक पारदर्शक किडा झटके देत चालला होता. पाण्यातली पिसू म्हणतात त्याला. त्याच्या काचेसारख्या अंगातून आतडं दिसत होतं आणि ते गच्च हिरवं भरलेलं होतं.

"ते हिरवं म्हणजे ऊन," लेक म्हणाली.

"म्हणजे?"

"शेवाळाने ऊन धरलं आणि त्याचं अंग केलं. पिसूने ते अंग खाल्लं. तुम्हाला दिसतंय ते तिच्या पोटातलं ऊन आहे."

मान दुखेपर्यंत बघत बसलो. चहा गार झाला.

मग तिने पुढचं सांगितलं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पिसूला लहान मासा खातो, त्याला मोठा मासा, त्याला गरुड. पण दर पायरीला साधारण दहातला एक भाग वर पोचतो. कधी जास्त, कधी कमी.

"नव्वद टक्के गळती? एवढी गळती माझ्या लाईनवर असती तर मला घरी बसवलं असतं."

"गळती नाही, बाबा. त्यातलं बरंच जगण्यावर खर्च होतं. पोहणं, श्वास घेणं, शत्रूपासून पळणं. काही पचतच नाही, ते तळाच्या जिवांना जातं. उरतं तेवढंच अंगी लागतं. आणि पुढचा खाणारा जे अंगी लागलंय तेच खाऊ शकतो."

"आणि खर्च झालेलं?"

"ऊब होऊन जातं. खत मातीत परत येतं, पाणी परत येतं. ऊन परत येत नाही. ते रोज नवं लागतं."

म्हणजे साठा नाही, राखीव संच नाही. रोज सकाळी सूर्य उगवला तर तळं चालू. असल्या भरवशावर मी गावातला एक रस्ताही उजळला नसता. आणि हे केव्हापासूनचं आहे? त्यापुढे माझं डोकंच चालेना.

१४ फेब्रुवारी

पलीकडच्या काठावर वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर मत्स्यगरुडाचं घरटं आहे. दुर्बिणीतून दोन पिल्लं दिसतात. एक थोरलं, दांडगं. दुसरं त्याच्या निम्मं, पण ओरडण्यात दुप्पट. नर पाण्यावर झेप घेतो, मासा आणतो, मादी फाडून भरवते.

मी गणित मांडलं. एक किलो पिल्लू वाढायला दहा किलो मासे धरू. त्या माशांमागे शंभर किलो लहान मासे, त्यांच्यामागे हजार किलो पिसवा आणि सगळ्यांच्या बुडाशी दहा हजार किलो शेवाळ. लेक म्हणते, गणित ढोबळ आहे पण दिशा बरोबर आहे.

म्हणून एवढ्या मोठ्या तळ्याला गरुडाची एकच जोडी. दुसरीला तळं पुरणारच नाही. चार पक्षी फांदीवर बसलेले दिसतात, पण ती फांदी नव्हे. ते एका हिरव्या डोंगराच्या टोकावर बसलेत, आणि डोंगर पाण्याखाली आहे.

२१ फेब्रुवारी

हे कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो.

लेकीची तब्येत ठीक नाही. सकाळी नावेत बसलं की तिला मळमळतं. दोनदा काठावरून वाकून ओकली. विचारलं तर म्हणते, "इंजिनाचा वास." इंजिन मी बंदच ठेवतो, वल्हवतो. चहा सोडलाय. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. पाण्याचे कॅन माझ्याकडे ढकलते, स्वतः उचलत नाही. नवऱ्याचे ढगळ शर्ट घालून फिरते. मधेच गावात "काम आहे" म्हणून जाते, आणि काम काय या प्रश्नावर ताकास तूर लागू देत नाही.

तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. मळमळ, थकवा, "काही नाही हो, पित्त असेल." आपण कशाला विचारा, असं मला वाटायचं. आताही तेच वाटतंय. विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर?

२६ फेब्रुवारी

जावई जहाजावर असतो, महिनोन् महिने समुद्रात. आज त्याचा फोन आला. लेक अंघोळीला गेली होती म्हणून मी घेतला.

"बाबा, ती वेळेवर जेवते ना? जड काही उचलत नाही ना?"

"सगळं मीच उचलतो. तू काळजी करू नकोस."

"आणि नावेत उभी राहत नाही ना? बाबा, तुम्ही तिथे आहात म्हणून मला झोप लागते."

चांगला मुलगा आहे, पण बायकोच्या फार पुढे पुढे करतो. की त्यालाही माहीत आहे आणि मलाच कुणी सांगत नाही?

४ मार्च

मासे विकणाऱ्या बाईंना सगळं तळं मावशी म्हणतं. त्यांच्या घरातली सगळी माणसं याच तळ्यात जाळी टाकतात. आज त्यांनी लेकीकडे डोक्यापासून पायापर्यंत एक नजर टाकली आणि टोपलीतला सगळ्यात चांगला मासा काढून माझ्या हातात दिला.

"हा तिचा. तुम्ही शेपटी खा."

"मावशी, हा विक्रीचा असेल."

"इंजिनिअर, काही गोष्टी विकायच्या नसतात. तिला भरपूर खाऊ घाला. आता खायलाच पाहिजे."

म्हणजे आजार परक्या बाईलाही दिसतोय.

पण गंमत बघा, लेक खाते मात्र दोघांचं. मासा, भात, वर तीन उकडलेली अंडी, मग फळं. एवढं खाऊन गालाची हाडं वर आलेली. हे सगळं जातं कुठे? मी मनातल्या मनात तिचाही भार मोजतो: आत इतकं, बाहेर इतकं, मधली तफावत कुठे मुरते? खाल्लेलं अंगी लागत नाही, याचा अर्थ मला माहीत आहे. तिच्या आईच्या शेवटच्या महिन्यांत पाहिलाय.

१० मार्च

वरच्या तलावाचा दरवाजा उघडला आणि तिथली जलपर्णी वाहत आमच्या तळ्यात आली. आधी दोन-चार हिरवी बेटं दिसली. मला बरी वाटली. जांभळी फुलं, हिरवीगार पानं. लेकीचा चेहरा मात्र पडला.

"हिरवं आहे ना? मग ऊन धरतंच असेल की," मी म्हटलं.

"धरतं. भरपूर धरतं. पण तळ्यातलं जवळजवळ कुणीच ते खात नाही."

समजलं. वीज धो धो तयार होतेय, पण ती घरोघरी नेणारा फीडरच जोडलेला नाही. शिवाय खालच्या शेवाळावर अंधार.

१९ मार्च

तळं दिसेनासं झालंय. काठापासून काठापर्यंत हिरवा गालिचा. नाव ढकलावी लागते. मावशींची माणसं रिकाम्या जाळ्यांनी परततात. लेकीने आज दाखवलेल्या थेंबात पिसू सापडायला वेळ लागला, आणि सापडली ती रिकामी, काचेच्या नळीसारखी. आतड्यात हिरवा ठिपकाही नाही.

नर गरुड घिरट्या घालतो. खाली मासे असतील, पण दिसणार कसे? आज संध्याकाळपर्यंत त्याने काही आणलं नाही. धाकट्याचा आवाज कमी झालाय.

२२ मार्च

धाकटं गेलं.

मी दुर्बिणीशी होतो. सकाळी ते घरट्याच्या कडेला पडलेलं दिसलं. मादी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. मग तिने त्याला चोचीने ओढलं, फाडलं आणि थोरल्याला भरवलं.

मी दुर्बीण सोडून मागे सरलो. "ही कसली आई!" असं मोठ्याने बोललो.

लेक शेजारी होती. तिने डोळा लावला आणि शेवटपर्यंत पाहिलं, एकदाही मान वळवली नाही. मग हळू म्हणाली, "तिने त्याला टाकून दिलं नाही, बाबा. त्याच्यात जेवढं ऊन साठलं होतं तेवढं वाया जाऊ दिलं नाही. तिच्या हातात एवढंच होतं." आणि धक्क्यावर जाऊन, गुडघे पोटाशी घेऊन रडली. पक्ष्याच्या पिल्लासाठी इतकं? मी जाऊन शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवला. तिने काढू दिला नाही.

आज जेवलो नाही. पण एक ठरलं. थोरलं जगलं पाहिजे. माझ्या डोळ्यांदेखत आणखी काही मरता कामा नये.

२३ मार्च

पाणीपुरवठ्याचे साहेब आले. गावाचं पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं. त्यांच्या जाळ्या जलपर्णीने तुंबतात, गाव त्यांच्या नावाने खडे फोडतं. त्यांनी तोडगा आणला होता: तणनाशक फवारायचं.

लेक म्हणाली, "मेलेली जलपर्णी तळाला जाऊन कुजेल. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाईल. उरलेसुरले मासेही मरतील. मग तेच पाणी गावाला पाजणार का?"

"मग काय करू, बाई? हाताने उपटू? लोक माझ्या दारात येतात, तुमच्या नाही!"

माणूस वाईट नाही. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं माझ्या ओळखीची होती. वीज गेली की माझ्याही डोळ्यांखाली यायची. मी म्हटलं, "साहेब, मीही लोकांच्या शिव्यांवर जगलेला माणूस. भार उचलता येत नसेल तर तो वळवायचा असतो. दुपारनंतर वारा रोज पूर्वेला तळं चिंचोळं होतं त्या खाडीकडे वाहतो. दोरीला रिकामी पिंपं बांधू, खाली जाळं सोडू, दोन नावांनी दोरी ओढू. जलपर्णी हलवायचं काम वारा करेल, आपण नुसतं वळण लावायचं. खाडीत कोंडली की तोंड बंद. मग तुमच्या गाड्या काठावरून सावकाश उपसतील."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेक माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं.

"आठवडाभर थांबतो," साहेब म्हणाले. "पिंपं मी देतो."

२७ मार्च

दोरी ओढून बोटं आखडलीत, अक्षर वाचता आलं तर नशीब.

दुपारी वारा सुटला. एका नावेत मी आणि मावशींचा थोरला मुलगा, दुसरीत त्यांची दोन माणसं. मावशी काठावर उभ्या राहून सगळ्यांना हाका मारत होत्या. लेक धक्क्यावर खुर्चीत महाराणीसारखी बसून खुणा करत होती. मला जरा रागच आला होता, खरं सांगायचं तर.

दोरी ताणली आणि तो हिरवा गालिचा हलला! आख्खा काठ हलावा तसा. मागून काळंभोर पाणी उघडत गेलं. आम्ही ओरडत होतो, हसत होतो. तेवढ्यात धक्क्याला बांधलेलं दोरीचं टोक सुटून सरकायला लागलं. लेक उठली आणि दोन्ही हातांनी दोरी धरली. तिला जोराचा हिसका बसला. मावशींनी धावत येऊन टोक खांबाला गुंडाळलं. लेक खाली बसली, दोन्ही हात पोटावर, चेहरा कागदासारखा पांढरा.

मी नावेत. मधे पाणी. मावशींनी तिला पिंपं आणलेल्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मला हाताने खूण केली: तुम्ही दोरी सोडू नका.

मी दोरी सोडली नाही. खाडीचं तोंड बंद होईपर्यंत ओढत राहिलो. दुसरं काय करणार होतो? धक्क्यावर आलो, पण गाडी केव्हाच गेलेली. मी तिथेच बसलो. तेवढ्यात नर गरुड खाली आला. उघड्या पाण्यावर पंजे टेकवले न टेकवले, आणि चमचमता मासा घेऊन वर गेला. ज्यासाठी जिवाचं रान केलं ते समोर घडत होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं. मी फक्त रस्त्याकडे बघत होतो.

गाडी उजेड असतानाच परत आली. लेक स्वतःच्या पायांनी उतरली.

"बाबा, सगळं ठीक आहे. दोघंही ठीक आहेत."

"दोघं कोण? मावशीला काय झालं?"

मावशींनी कपाळाला हात लावला. "इंजिनिअर, तुम्ही गावाला उजेड कसा देत होता हो?"

मग लेक माझ्या शेजारी बसली आणि सांगितलं. पाचवा महिना आहे.

मी म्हटलं, मला वाटलं तुला तुझ्या आईचा आजार... ती माझ्याकडे वळली. "इतके दिवस हे मनात धरून बसला होतात?" मग म्हणाली, "मागच्या वेळी पाचव्यातच गेलं होतं, बाबा. आईला माहीत होतं. आई तेव्हा आजारी, तुम्ही दवाखान्याच्या खेपा घालत होता. तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. या वेळी तो टप्पा पार झाला की सांगणार होते. रोज म्हणायचे, उद्या सांगू."

बापलेक दोघंही एकमेकांना धक्का नको म्हणून गप्प. मी तिचा हात हातात घेतला आणि ओक्साबोक्शी रडलो. मावशी मासे साफ करायला निघून गेल्या.

२ एप्रिल

साहेबांच्या गाड्या खाडीतून ढीगच्या ढीग उपसतायत. मधलं पाणी उघडं आहे.

आज लेकीने हाक मारली. थेंबात पुन्हा हिरव्या गोळ्या. फार नाहीत, विरळ, पण प्रत्येक गोळी दोन होण्याच्या तयारीत. आणि एक पिसू, तिच्या आतड्यात हिरवी रेघ. मला गहिवरून आलं. पिसूकडे बघून गहिवरणारा इंजिनिअर मी तरी दुसरा पाहिला नाही.

आमचं वीजकेंद्र बंद पडलं की चालू करायला बाहेरून वीज आणावी लागायची. इथे कुणी बटण दाबलं नाही. फक्त झाकण काढलं. ऊन होतंच, वाट बघत.

लेकीला मी आता नावेत पाय ठेवू देत नाही. ती म्हणते, "मला मदतनीस हवा होता, मुकादम नको होता."

मी म्हटलं, "खरंच हवा होता का? मला वल्हवता येत नव्हतं, हे माहीत असून?"

ती तिच्या नोंदींची वही चाळायला लागली. "तुम्ही फोनवर म्हणायचात ना, काल नुसतं दूध पिऊन झोपलो. रोजच म्हणायला लागला होतात."

हे तिला एवढं का लागलं, कळलं नाही. दूध चांगलंच असतं.

१८ एप्रिल

आज घरटं रिकामं दिसलं. पाचावर धारण बसली. दुर्बीण सगळीकडे फिरवली आणि पार उत्तरेच्या काठावर, एका खडकावर थोरलं बसलेलं सापडलं. पहिलं उड्डाण मी पाहिलंच नाही. नेमका तेव्हा ताटावर होतो. त्याला उतरायची पद्धत अजून जमत नाही. खडकावरून घसरलं, पंख पसरून सावरलं, आणि कुणी बघितलं तर नाही ना अशी मान फिरवली.

एक पक्षी. धाकट्यासकट एक. आणि त्याच्या प्रत्येक पिसामागे किती सकाळी, किती थेंब, किती पिसवा, किती मासे. गणित मांडायला बसलो आणि पेन्सिल ठेवून दिली. ढोबळही मांडवेना. नुसतं बघत राहावंसं वाटलं.

२३ एप्रिल

आज दुपारी जेवत होतो. तळ्यातलाच मासा, मावशींनी आणलेला. लेकीने दुसऱ्यांदा भात घेतला, मी तिसऱ्यांदा. एकदम तिचा घास हातात थांबला.

"बाबा, हात द्या. लवकर."

"खरकटा आहे."

"असू दे, डावा द्या."

तिने माझा हात शर्टावर, पोटाच्या एका बाजूला दाबून धरला. काहीच नाही. गरम, घट्ट पोट फक्त. मी श्वास धरून बसलो होतो. खिडकीतून ऊन थेट ताटावर आलं होतं.

आणि मग आतून. एक टोला. इवलासा, पण स्पष्ट, माझ्या तळहाताच्या बरोबर मध्ये.

"आजोबांना पहिला नमस्कार लाथेनं," लेक म्हणाली.

चाळीस वर्षं मी घरोघरी वीज पोचवली, पण पोचलेली वीज हाताला कधी लागली नव्हती. ती ठिणगी सूर्यापासून निघाली, पाण्यातून आली, हिरव्यातून, पिसूतून, माशातून, ताटातून. दर पायरीला दहातले नऊ भाग सांडले. उरली ती इथवर आली, आणि जोरात आली.

हात काढला नाही. भात गार झाला, तरी नाही.